नवमीची सवाष्ण

“ओवाळणी मी स्वतः घातलीय तिच्या ताटात,” वामनकाका म्हणाले आणि सुपारी कातरत राहिले.

“कुणाच्या?”

“सत्यभामाआत्याच्या. तुझ्या पणजीच्या रे. मघापासून तिचंच चाललंय ना आपलं?”

“काका, काहीतरी घोळ होतोय तुमचा. पणजी खाडीत बुडून गेली तेव्हा तुमचा जन्मसुद्धा झाला नव्हता.”

अडकित्ता थांबला. वामनकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि जीभ चावली. सत्तरीला टेकलेला माणूस, पण चोरून खोबरं खाताना सापडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता.

“मेलो,” ते म्हणाले. “बाबांना शब्द दिला होता मी.”

हे देवगडकडच्या त्यांच्या घरी, पडवीत. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्याच्या आदल्या वर्षी मी बँकेतून व्हीआरएस घेतली होती आणि पाठोपाठ माझी बायको गेली होती. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, विद्याधर फार धीराचा. डोंबलाचा धीर! दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला वाटत नाही, तसा मी सगळाच झालो होतो. जेवायचो, झोपायचो, लाइटचं बिल भरायचो. मुलगी म्हणाली, बाबा, कशात तरी मन घाला. आमच्या आगवेकर घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती आणि मंडळाला गावोगाव हिंडणारा फुकटचा माणूस हवा होता. मी मिळालो. कोण कुणाचा मुलगा, कुणाची बायको कुठली, कोण कधी मेलं, हे विचारत फिरायचं. दुसऱ्यांची मरणं लिहून घ्यायला मला काहीच त्रास होत नव्हता.

पणजीची माहिती मी महिन्यापूर्वीच घेतली होती, तिच्या मुलीकडून. वेणूआजी, म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण, पंच्याऐंशीची, चिपळूणला मुलासुनेकडे राहायची. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

“काय लिहायचंय त्यात?” ती म्हणाली होती. “लिही, खाडीत जीव दिला. पदरात चार वर्षांची पोर होती, ती टाकून.”

“पाय घसरला असं आजोबा सांगायचे.”

“दादा सांगायचाच. मुलगा ना तो! सगळ्या गावाला ठाऊक होतं, उडी मारली म्हणून. नदीवर गेले की बाया माझ्याकडे बघून कुजबुजायच्या. प्रेत काही मिळालं नाही, तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस केला आणि दादाने त्याला अग्नी दिला. मी आपली शेजारी उभी. मला वाटलं, बाहुलीचा खेळ चाललाय.”

“राग आहे तुझा तिच्यावर?”

“राग कसला! तिचं मला काही म्हणजे काही वाटत नाही. पण एक सांगते विद्या, मला पाच मुलं झाली. तापाने फणफणले असताना, सासूने छळलं तेव्हा, परसातली विहीर मलाही दिसत होती. मी नाही गेले. पोरं टाकून जाते ती कसली आई?”

मी ते ऐकलं आणि ‘पाण्यात बुडून’ एवढंच लिहिलं. पणजीच्या माहेरचं काही मिळतं का पाहावं म्हणून मग वामनकाकांकडे आलो होतो. ते पणजीच्या भावाचे चिरंजीव.

“आता अर्धवट सांगू नका काका,” मी म्हटलं.

ते उठले, पडवीचं दार लोटून आले.

“महारोग,” ते हळूच म्हणाले. “पाठीवर चट्टा उठला होता. मग हाताला कळेनासं झालं. चुलीतलं लाकूड सरकवताना भाजायचं आणि तिला पत्ता नसायचा. तुझ्या पणजोबांनी आमच्या आजोबांना बोलावून घेतलं. आमच्याकडे दोन मुली लग्नाच्या, तुमच्याकडे वेणू. घरात महारोग आहे हे फुटलं असतं तर एकीलाही कुणी उंबरठा ओलांडू दिला नसता. तेव्हाचे दिवस तसेच होते बाबा. रात्रीच्या तरीने तिला पलीकडे नेली आणि घाटावर मिशनच्या दवाखान्यात ठेवली. दोघांनी परत येऊन सांगितलं, होडीतून पाय घसरला.”

“आणि तिला कुणी विचारलं?”

“बाबा सांगायचे, तीच म्हणाली होती. आजारी आहे म्हणू नका, मेले म्हणा. मेलेल्या बाईची कुणी चौकशी करत नाही.”

मला काही वाटलंच नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की नोंद चुकली, दुरुस्त केली पाहिजे.

“माझे बाबा तिचे एकुलते एक भाऊ. दर भाऊबीजेला जायचे. घरी सांगायचे, कोल्हापूरला काम आहे. एका वर्षी त्यांचा पाय मोडलेला, म्हणून मला बरोबर घेतलं. मी पाचवीत असेन. मोठं आवार होतं, आंब्याची झाडं. आत्या बाहेर आली. स्वच्छ लुगडं, मोठं कुंकू. लांबूनच ओवाळलं हो आम्हाला. निरांजनाची वात कलली तर तिने बोटाने सरळ केली, पेटती! बाबा ओरडले. ती हसून म्हणाली, अरे, मला कुठे कळतंय? पुढच्या वर्षी गेली. तिथेच पुरली तिला.”

निघताना वामनकाकांनी माझा दंड धरला. “वेणूला सांगू नकोस. या वयात कशाला? सुखाने मरू दे तिला.”

“बघतो,” मी म्हटलं. बघायचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिपळूणच्या एसटीत बसलो. फार विचार करून गेलो, असं आता म्हणता येईल, पण ते खोटं होईल. मला तेव्हा कुणाला काय लागेल याची फिकीरच नव्हती.

पितृपक्ष चालू होता. वेणूआजी मागच्या ओटीवर अळूची देठं सोलत बसली होती. दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी. तिची सासू नवऱ्याच्या आधी गेलेली, म्हणून तिच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालायची. त्या घरात ते काम सून आल्यावरही वेणूआजीने सोडलं नव्हतं.

“परत आलास?” ती म्हणाली. “आता काय राहिलंय माझ्या डोक्यातलं काढून घ्यायचं?”

मी समोर पायरीवर बसलो आणि सांगून टाकलं.

“वेणूआजी, तुझ्या आईने जीव दिला नव्हता. तिला महारोग झाला होता. घाटावरच्या दवाखान्यात ठेवली होती. नंतर वीसेक वर्षं जिवंत होती ती.”

तिने हातातलं देठ सोललं. दुसरं घेतलं. तेही सोललं.

“कोण म्हणतं?”

“वामनकाका. ते लहानपणी भेटलेत तिला.”

“नानांना ठाऊक होतं?” नाना म्हणजे तिचे वडील.

“त्यांनीच नेऊन ठेवली.”

“म्हणजे दादाने ती पानं जाळली तेव्हा ती…”

“जिवंत होती.”

“बरं,” वेणूआजी म्हणाली. आणि पुढे सोलत राहिली. मला वाटलं, झालं. इतकंच होतं तर. वामनकाका उगाच घाबरले. मी शालनकाकूंना, म्हणजे तिच्या सुनेला, चहा मागावा या विचारात होतो.

“तिचे हात कसे होते?” वेणूआजीने एकदम विचारलं.

“हात?”

“वामन भेटला ना तिला? मग हात बघितले असतील. झडली होती का बोटं?”

“तसं नाही म्हणाले ते. पण भाजलेलं कळत नव्हतं तिला. ओवाळताना पेटती वात बोटाने सरळ केली म्हणे.”

वेणूआजीच्या मांडीवरची देठं खाली पडली. तिने ती उचलली नाहीत.

“डाव्या हाताची करंगळी वाकडी होती,” ती म्हणाली. “आत वळलेली. ती पदराखाली लपवत होती.”

“तुला कसं ठाऊक? तू चार वर्षांची होतीस.”

“चारची नाही रे. बारा वर्षांची होते मी. माझं लग्न ठरत होतं तेव्हा. गप्प बस जरा, मला सांगू दे.”

मी पायरीवर सरसावून बसलो.

“नवी आई येऊन बरीच वर्षं झाली होती. नानांनी दुसरं लग्न केलं ना, ती. दर नवमीला ती माझ्या आईच्या नावाने सवाष्ण घालायची. मागची गेलीय, तिचा मान राखलाच पाहिजे म्हणायची. त्या वर्षी ठरवलेली सवाष्ण ऐन वेळी अडचणीची झाली. दुसरी मिळेना. गावात ज्या होत्या त्या आपापल्या घरच्या नवमीत. पानं मांडून ठेवलेली, उन्हं डोक्यावर आली. नाना राजापूरला गेलेले. नवी आई रडकुंडीला आली. तेवढ्यात मी देवळात फुलं द्यायला गेले तर तिथे एक बाई बसली होती. परगावची. मोठं कुंकू, गळ्यात काळी पोत. मी विचारलं, तुम्ही आपल्यातल्याच का? ती म्हणाली, हो. मी म्हटलं, माझ्या आईच्या नवमीला जेवायला याल का?”

वेणूआजीचा आवाज अजून सपाटच होता, बाजारहाट सांगावी तसा.

“मीच घेऊन आले रे तिला घरी. मी!”

“मग?”

“वाटेत विचारलं तिने, तुझं नाव काय, स्थळ कुठलं आलंय, मुलगा शिकलेला आहे का. मी आपली चुरूचुरू सगळं सांगत गेले. घरी आल्यावर मात्र एक अक्षर बोलली नाही. नव्या आईने पाय धुतले तिचे, हळदकुंकू लावलं. मी वाढायला होते. तूप कढवून नुकतंच उतरवलेलं. वाढताना माझा हात हलला आणि ती तूपवाढी सगळी तिच्या डाव्या हातावर कलंडली. कडकडीत! मी किंचाळले. ती मात्र भात कालवत होती. तिला कळलंच नाही. मी किंचाळले म्हणून तिने खाली पाहिलं, तर हात लालभडक. मग म्हणाली, ‘काही नाही गो बाळा. नाही भाजलं.’”

आत कुकरची शिट्टी झाली. शालनकाकू दारात येऊन उभ्या होत्या, त्या परत गेल्या नाहीत.

“नव्या आईने तो हात बघितला. मग तिचं तोंड बघितलं. मग मला म्हणाली, वेणू, तू आत जा, मी वाढते. मी दाराआडून बघत होते. कुणी काही बोललं नाही. त्या बाईने भात दोनदा मागून घेतला. जेवण झाल्यावर नव्या आईने तिची ओटी भरली, पाणी प्यायला दिलेलं तांब्याभांडंसुद्धा ओटीतच घातलं, आणि पायांवर डोकं ठेवलं. नुसता हात लावून नमस्कार नाही हो, डोकं ठेवलं. उठेचना. शेवटी त्या बाईनेच तिला उठवलं. नंतर ते पान नव्या आईने कुणाला उचलू दिलं नाही. स्वतः परसात नेऊन पुरलं.”

“आणि तुला काय सांगितलं?”

“काय सांगणार? नाना घरी आल्यावर बोलू नकोस म्हणाली, परकी सवाष्ण घातली म्हणून ओरडतील. मी जन्मभर सांगत आले बघ लोकांना, आमच्याकडे नवमीला साक्षात देवी जेवून गेली म्हणून. उकळतं तूप पडलं तरी हूं की चूं नाही. पोरांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं. शालन, तुला सांगितलंय की नाही?”

“सांगितलंय, सासूबाई,” शालनकाकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. आमच्या दोघांचे मात्र कोरडे.

“मग बोलली का नाही रे ती?” वेणूआजीने मला विचारलं. “एकटी होते मी वाटेत. देवळापासून घरापर्यंत. मी तुझी आई, एवढं म्हणायला किती वेळ लागतो?”

मला उत्तर येत होतं. ते माझ्या आधी तिलाच सुचलं असावं, कारण तिने वर पाहिलं. ओटीचे खांब, दोरीवरचे नातवाचे कपडे, दारात उभी असलेली सून, असं सगळीकडे पाहत गेली.

“बोलली असती तर हे काही झालं नसतं,” ती म्हणाली. “हे घर, ही माणसं. महारोग्याची पोर कोण करून घेणार होतं? माझं लग्न ठरतंय म्हणूनच आली ती. बघायला. आणि भात मागून मागून जेवून गेली. आणि मी काय म्हणत आले? कसली आई!”

मी म्हटलं, “तुला ठाऊक नव्हतं.” फार पोकळ वाटलं ते.

“कधी गेली?”

“तू लग्न होऊन इकडे आल्यावर. बारातेरा वर्षांनी असेल. वामनकाकांना तिथी आठवत नाही.”

वेणूआजी भिंतीला धरून उठली. मी हात द्यायला गेलो, तर मागे सरली.

“शिवू नकोस मला. शालन, ते अळू तू घे सोलायला. नाही, राहू दे, ते माझ्या हातचं झालं, टाकून दे. दुसरं आण. उद्याची नवमी तुलाच करायची आहे.”

“म्हणजे? तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

“मला सुतक आहे.”

शालनकाकू माझ्याकडे पाहू लागल्या. मी खांदे उडवले.

“अहो सासूबाई, साठ वर्षं होऊन गेली असतील त्या गोष्टीला! आता कुठलं सुतक?”

“मला आत्ता कळलं ना! कळल्यावरच धरायचं असतं.”

“शास्त्रात तसं…”

“शास्त्र मला शिकवू नकोस. शास्त्राने जिवंत बाईचा पुतळा जाळला. न्हाणीत पाणी काढ. गार.”

“अहो, गार पाण्याने न्यूमोनिया होईल! या वयात…”

“काढतेस का मी विहिरीवर जाऊ?”

बंब पेटलेला होता, पण तिने ते पाणी घेतलं नाही. नेसत्या लुगड्यानिशी न्हाणीत बसली. दार लोटलेलं होतं. मी बाहेर उभा राहून तांब्यामागून तांब्या ऐकत होतो. आतून दुसरा काही आवाज नाही. शालनकाकू पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी दाराशीच विचारलं, का विचारलं कुणास ठाऊक, त्या वेळी तेवढंच सुचलं असेल. “वेणूआजी, पुस्तकात काय लिहू मग?”

“पुस्तक गेलं खड्ड्यात!” आतून आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा थरथरत होती. शालनकाकूंनी लांबून कोरडं लुगडं टाकलं. ते नेसून ती ओटीच्या टोकाला, सगळ्यांपासून वेगळी, घोंगडीवर जाऊन बसली. पांढरे केस पाठीवर मोकळे, टोकांतून पाणी गळत होतं. चहा नको म्हणाली. मी तिच्यापासून जरा अंतरावर बसलो. उठून जावंसं वाटत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारच्या कुंदाताई आल्या, वाटीत विरजण मागायला. वेणूआजीला तशी बसलेली पाहून जागच्या जागी थबकल्या.

“अगोबाई! आजी, अशा का बसलात? कुणी गेलं का?”

शालनकाकू आतून धावत आल्या, काहीतरी सांगून वेळ मारून न्यायला. पण वेणूआजीच आधी बोलली.

“माझी आई गेली.”

कुंदाताईंनी पंच्याऐंशी वर्षांच्या वेणूआजीकडे पाहिलं, मग शालनकाकूंकडे, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. मग अशा वेळी सगळेच म्हणतात ते त्याही म्हणाल्या, हळू आवाजात. “फार वय झालं असेल हो त्यांचं.”

“नाही गो,” वेणूआजी म्हणाली. “तरणी होती.”

आणि ती रडायला लागली. मोठ्यांदा, तोंड उघडं टाकून. कुंदाताई वाटी खाली ठेवून अंगणात बसल्या. शिवायचं नव्हतं, म्हणून कुणीच तिला जवळ घेतलं नाही. मी बसून राहिलो, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझ्याही शर्टाचा पुढचा भाग ओला झालाय.